अडीच आणि बॉयलरखोलीतली बाई

आमच्या लॉन्ड्रीत एके काळी कुजबूज होती की बॉयलरवाल्याने खाली बाई ठेवलीय. रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी मोठी लॉन्ड्री ती. वर इस्त्रीघरात तीस बायका, बरोबर त्यांच्या पायांखाली बॉयलरखोली. पाइपांसाठी फरशीला भोक पाडलेलं होतं, त्यातून त्याचा आवाज वर यायचा. "शांत हो गं... रडू नकोस गं... दार लाव आता." दर दोन तासांनी, अगदी समजुतीच्या सुरात. माणसाने यातून दुसरं काय समजायचं? मी तेव्हा भांडारात होतो. खोटं कशाला बोलू, ही बातमी धुण्याच्या विभागात मीच पोचवली. पोचवताना जरा फोडणीही दिली.

त्याचं टोपणनावही माझंच, अडीच. भांडारात तो चार वस्तू न्यायला यायचा. दोन अचूक सांगायचा, तिसरीपाशी अडखळायचा, "ती... गोल असते बघा." चौथी जिन्यातच सांडून आलेली असायची. आम्ही पोट धरून हसायचो. पण सतरा वर्षांपूर्वी कुठल्या पाइपचा सांधा गळला आणि तेव्हा कोण कुणाला काय बोललं, हे हाच माणूस वारानिशी सांगायचा. म्हणजे डोक्यातली कोठीची खोली भरलेली, ओटा तेवढा लहान. तीन भांडी मावायची. चौथं ठेवलं की पहिलं खाली.

आमच्या लहान साहेबांचा ओटा मात्र खानावळीचा. कुठल्या यंत्रात कुणाच्या चादरी, कोण रजेवर, कुणाचा फोन नंबर काय, सगळं एकदम मांडलेलं. कागदावर लिहून घेणाऱ्याची त्यांना कीव यायची.

"काय रे अडीच, आज किती घेऊन आलास डोक्यात?"

"दोनच, साहेब. तिसरी जागा तुमच्यासाठी ठेवलीय."

अडीचची बायको वर इस्त्रीघरातच रोलरवर होती. ती आली की बाकीच्या एकदम चादरींच्या घड्यांत डोकं घालायच्या. शेवटी शेजारच्या रोलरवालीला राहवलं नाही. "वहिनी, एकदा खाली जाऊन बघाच तुम्ही." सकाळचे अकरा वाजले होते. भोकातून आवाज आला, "रडू नकोस गं." वहिनींनी रोलर सोडला आणि जिना धरला.

ती जिन्यात असतानाच खाली धोक्याची घंटा वाजायला लागली.

बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते. त्या नळीत पाणी दिसेना. पंप कधी बंद पडला कुणास ठाऊक, आतलं पाणी आटलेलं आणि बर्नर भणाणतोय. अशा वेळी तापलेल्या लोखंडावर गार पाणी गेलं, तर त्याची एकदम वाफ होते आणि बॉयलर फाटतो. फाटला असता तर वरची फरशी, रोलर आणि तीस बायका, काही उरलं नसतं.

लहान साहेब धावत आले. कानाला फोन, त्यावर मोठे साहेब चादरींची गाडी का निघाली नाही म्हणून ओरडतायत. "पंप बंद पडलाय! हाताने चालू कर! पाणी सोड! दाब किती झाला? मेकॅनिकला बोलाव, वर निरोप दे, मागचा वॉल्व्ह..." पाणी सोडायचं नसतं, हे त्यांना अडीचपेक्षा जास्त पाठ होतं. पण त्यांचा एवढा मोठा ओटा घंटेने आणि फोनने भरला होता, आणि उरलेल्या जागेत भीती पाय पसरून बसली होती. त्यांचा हात पंपाच्या बटणाकडे गेला.

दारातून अडीचची बायको गरजली, "कुठंय ती?"

अडीचने दोन्ही हातांनी कान झाकले आणि दोघांकडे पाठ केली. एरवी तो नावं तोंडातल्या तोंडात घ्यायचा. आज मोठ्याने म्हणाला, "आत्या, शांत हो गं." आणि बर्नर बंद केला. भणभण थांबली.

"मावशी, रडू नकोस गं." त्याने साहेबांचं मनगट धरून बटणापासून दूर केलं आणि पाण्याचा वॉल्व्ह आवळला.

"अरे, पाणी सोड म्हणतोय ना मी!"

"बोलू नका साहेब. सांडेल."

"मावशी? कसली मावशी? कुणाची मावशी?" बायको.

अडीच थांबला. हात हवेत तसाच. डोळे कोरे. तिसरी गोष्ट गेली होती. दाबाचा काटा लाल रेघेला टेकलेला, घंटा चालूच, आणि हा माणूस भिंतीकडे बघतोय.

बायकोने त्याचा चेहरा पाहिला आणि पदर तोंडात कोंबला.

त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. बर्नरला हात लावला, "आत्या, शांत हो गं." वॉल्व्हला हात लावला, "मावशी, रडू नकोस गं." मग मान वळली. "काकू, दार लाव." वाफ वर नेणाऱ्या पाइपाचं मोठं चाक त्याने दोन्ही हातांनी फिरवलं, थेट बंद होऊन अडेपर्यंत. तळवे भाजले.

"चला बाहेर. वरच्यांनाही काढा."

पाऊण तास आम्ही सगळे अंगणात उभे होतो. काटा हळूहळू उतरला.

तिथे भाजलेल्या तळव्यांवर पाणी ओतताना बायकोने विचारलं, "या तिघी कोण?"

"आत्या तापट, म्हणजे आग. मावशी रडकी, म्हणजे पाणी. काकू कायम दार सताड उघडं टाकायची, म्हणजे वाफ. विसरू नये म्हणून दर फेरीला म्हणून बघतो."

"आणि मी कुठंय यात?"

"तू चौथी. तुला घेतलं तर आत्या पडेल."

तिने त्याच्या डोक्यात टपली मारली आणि मग रडली.

दुसऱ्या दिवशी लहान साहेबांनी स्वतःच्या अक्षरात तीन ओळींचा कागद बॉयलरखोलीत चिकटवला. तिघींची नावं तेवढी गाळली.

बॉयलरखोलीत बाई नव्हती. त्या माणसाच्या डोक्यात एका वेळी तीनच गोष्टी राहायच्या, म्हणून तो त्या मोठ्याने म्हणायचा.