गेट नंबर लाभ

आपल्याला येत नाही असं या पृथ्वीवर काही असू शकतं, ही गोष्टच आमच्या साडूभाऊंना मान्य नाही. जे येत नाही ते त्यांच्या मते 'अजून आलेलं नाही', एवढंच. या एका भरवशावर माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीशी लग्न करून ते खानदेशातून सुरतेला आले, पोहता येत नसताना तापीत उतरले, गुजराती येत नसताना गुजरातीत भांडले, आणि माझ्या मुलीच्या बारशाला ऐन वेळी आचारी आला नाही तेव्हा "सरका" म्हणून स्वतः कढईपुढे बसले. त्या दिवशीची जिलबी आम्ही चमच्याने खाल्ली. "चव बघा, आकार काय बघता?" असं वर आम्हालाच ऐकवलं, आणि खोटं कशाला बोलू, चव खरंच चांगली होती.

राहायला गोडादऱ्यात आणि नोकरी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये. रंगून आलेल्या कापडाचे ताके मोजून टेम्पोत चढवायचे, हे काम त्यांनी गोदामाच्या दाराजवळच्या एका लोखंडी खुर्चीवरून वर्षानुवर्षं केलं. खुर्चीवरून म्हणजे, खुर्चीवर त्यांचा टॉवेल असायचा, ते स्वतः गोदामभर. मग सेठच्या शिकून आलेल्या मुलाने मिलमध्ये ईआरपी आणायचं ठरवलं; कोरं कापड आत येण्यापासून रंगीत माल बाहेर जाईपर्यंत सगळी मिल एकाच सॉफ्टवेअरमध्ये. दिवाळीनंतर लाभपाचमीला मिल उघडेल तेव्हा ज्याला ते चालवता येईल त्याच्याकडे गोदाम, बाकीच्यांनी घरी आराम करावा, असं त्याने फार गोड शब्दांत सांगितलं. "काका, आवडी जशे ने?" जमेल ना तुम्हाला, असं त्याने साडूभाऊंना विचारलं. "आवडी गयुं, समजो," साडूभाऊ म्हणाले. जमलंच समजा! तोवर त्यांनी कॉम्प्युटरला धूळ पुसायलासुद्धा हात लावलेला नव्हता. इकडे माझी मेहुणी माझ्या बायकोजवळ डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मिल सुटनी त या घरमा झुरीसन मरी जातीन वं बहीन." ती उगाच बोलत नव्हती. या माणसाला रविवारसुद्धा सोसत नाही, हे आम्ही सगळे जाणून होतो.

साडूभाऊंनी उधन्यातल्या एका क्लासमध्ये नाव घातलं. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. "अंकल, कोडिंग सीखा है कभी?" त्यांनी विचारलं. "नहीं. सिखाना आपका काम है, मैं अपना काम करने आया हूँ," हे उत्तर. सॉफ्टवेअरला त्यांनी पहिल्याच आठवड्यात 'जावईबापू' करून टाकलं. एक टिंब राहिलं तरी रुसतो, का रुसला ते धड सांगत नाही, आणि समजूत घरच्यांनीच काढायची! पुढे कळलं की या जावयाला आपल्या सोयीचे नियम लिहून देता येतात, असं झालं तर तसं कर, आणि त्यालाच कोडिंग म्हणतात. मग काय, आमच्या घरी येऊन सराव सुरू. "जर मेथी कोवळी, तर दोन जुड्या, नाही तर पालक, पालकही नसला, तर तसंच परत." माझी बायको म्हणाली, "अहो भावजी, हे मी यांना लग्नापासून सांगते आहे. तरी हे रिकाम्या हाताने येतात." साडूभाऊंनी माझ्याकडे एकवार पाहिलं. "नियम बरोबर आहे. मशीन जुनं आहे."

आता एक रीत सांगायला हवी. धान्य मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. साडूभाऊ ताकेही तसेच मोजत. क्लासमध्ये पहिली नोंद करताना त्यांनी आकड्याच्या चौकटीत 'लाभ' लिहिलं आणि पडदा लाल झाला. दुसऱ्या कोणी मुकाट्याने एक लिहिला असता. यांनी जावयालाच रीत शिकवायचं मनावर घेतलं: एकाचा आकडा आला, तर तिथे 'लाभ' दाखव. एवढ्यासाठी महिनाभर डोकं फोडलं असेल. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी पेढे घेऊन आले, आणि बँकेत प्रत्येक नवं सॉफ्टवेअर कुरकुरत शिकलेला मी, त्या पेढ्यापुढे जरा ओशाळलोच.

लाभपाचमीला मिलच्या पूजेचं मलाही आमंत्रण होतं. छोट्या सेठने हौसेने काकांचा नियम मिलच्या सॉफ्टवेअरवर चढवू दिला होता. नारळ फुटला, पडदा उजळला, पहिल्या ताक्यापुढे 'लाभ' उमटलं आणि म्हाताऱ्या सेठनी हात जोडले. तेवढ्यात पहिलं गेट 'गेट नंबर लाभ' झालं. मागोमाग बॉयलर नंबर लाभ. अकरा नंबरचा टेम्पो 'लाभलाभ' झाला, आणि एकशे अकरा ताक्यांचा माल 'लाभलाभलाभ' होऊन दारातच अडला. बाहेर हॉर्न वाजू लागले. छोट्या सेठचा चेहरा उतरला, त्याने इंजिनिअरला फोन लावायला घेतला, आणि मला मेहुणीचं बोलणं आठवलं. साडूभाऊ मात्र शांत. "फोन मूको, सेठ. भूल मारी छे, हुं ज काढीश." चूक माझी, मीच काढणार. चष्मा नाकावर ओढून ते आपलाच नियम बोटाने वाचू लागले. "याला मी पहिलं माप म्हणून सांगितलंच नाही," ते मला म्हणाले, "नुसता एकाचा आकडा सांगितला. तो बिचारा दिसेल त्या एकाला लाभ म्हणत सुटला." मग नियमात त्यांनी भर घातली: चौकट मापाची असली आणि नोंद पहिली असली, तरच. लाभलाभचे पुन्हा अकरा झाले, टेम्पो हलला. "काका, गोदाम तमारुं," छोटा सेठ म्हणाला. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या अनोळखी हमालाशी हात मिळवला.

गोदाम राहिलं, जागा मात्र बदलली. आता ते वरच्या मजल्यावर काचेच्या गार केबिनमध्ये बसतात. परवा भेटायला गेलो तर खरोखरच बसले होते. कुठला माल, कुठलं गेट, हे ड्रायव्हरला, हमालाला मोबाइलवरच दिसतं. विचारायला कोणी येत नाही. खालची माणसं काचेतून दिसतात, आवाज येत नाही. मला चहा देता देता ते म्हणाले, "साडूभाऊ, शिकनू त बरं व्हयनं. पन आते माले कोनी हाक मारत नही."

निरोप घेऊन खाली आलो आणि गोदामाच्या मधोमध थबकलो. जिन्याचं दार उघडंच होतं. जन्मात कधी आवाज न चढवलेला मी, सगळी छाती भरून मिलमधल्या माणसांसारखा ओरडलो, "काका! ओ काका!" जिना धडधडला. धापा टाकत ते पुढ्यात उभे राहिले. "काय व्हयनं? काय कमी पडनं?"

"काही नाही हो," मी म्हटलं, "नुसती हाक मारली."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जवळच्या ताक्याची निसटलेली कड त्यांनी सावकाश आत दुमडली, आणि मी गेटबाहेर पडेपर्यंत ते तिथेच उभे होते.