मराठी शेजारी चालेल का?

एका मुलीला मी विचारलं होतं, "शेजारी म्हणून मराठी माणूस तुला चालेल का?" हसा, खुशाल हसा. खोलीसाठी ती दारोदार फिरत होती, आणि परवानगी मी तिच्याकडे मागत होते.

तेव्हा मी साठीतली कोवळी पोर. नुकतीच निवृत्त झालेली, हातात वेळ, अंगात समाजसेवा. ईशान्येकडून इथे कामाला आलेल्यांना आपण मराठी माणसं कशी वाटतो, हे मोजायचं काम एका संस्थेने दिलं होतं. लांब कशाला जा? आमच्या ह्यांच्या पायाचं ड्रेसिंग करायला वाशीच्या घरी येणारी नर्सच मणिपूरची होती.

तिला सगळ्यात आधी आलेला मराठी शब्द 'चालेल'. लिफ्ट बंद? "चालेल." चहा गार? "चालेल." वॉचमन रोज नव्याने "नेपाळ से?" विचारायचा. तेही चालायचं. हात मात्र इतका हलका, की हे पेपरातून विचारत, "सुरू केलंस का गं?" तोवर नवी पट्टी बांधून झालेली असे.

"मराठी शेजारी?"

"चालेल."

"मैत्रीण?"

"चालेल."

"नवरा?"

तिची कात्री थांबली. "भांडी घासतो?"

ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

"चालेल लिहा, आंटी."

पैकीच्या पैकी! आपण किती गोड माणसं, या आनंदात मी तिच्या हातावर लाडू ठेवला. तो तसाच धरून ती म्हणाली, "आंटी, तुमच्या मुलाचा वरचा फ्लॅट बंद असतो ना? मी भाड्याने घेतला तर? दिघ्याची खोली सोडायला सांगितलीय. दुसरीकडे चेहरा बघूनच नाही म्हणतात."

"माझं काही नाही गं. सोसायटीला विचारावं लागेल. तुमच्या जेवणाचे वास वगैरे..."

मला काही वाटलं का? नाही. संध्याकाळी कुकर लावला, सीरियल पाहिली.

जखम भरली, तिचं येणं संपलं. आता ती कुठे असते, माहीत नाही. वरचा फ्लॅट अजून बंदच आहे. नळ गंजू नयेत म्हणून मधूनमधून जाऊन मी ते जरा सोडून येते.

शेवटच्या ड्रेसिंगला मी तिला सांगितलं, "विचारलं गं. सोसायटी नाही म्हणाली."

विचारलं कुणाला? सेक्रेटरी मीच होते. खाली बोर्डावर माझं नाव होतं, आणि त्याच बोर्डापाशी ती रोज लिफ्टची वाट बघायची.

हात पुसत ती म्हणाली, "चालेल, आंटी."