काढून टाकलेला रकाना

तो रकाना मी काढला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचताना एखाद्याला वाटेल की चूक यंत्राची होती. यंत्राची नव्हती. शर्वरीचीही नव्हती. नऊ लाल ओळी भिंतीवर उमटल्या, शंभरेक माणसांनी त्या पाहिल्या आणि एका साठीच्या माणसाने आपली चावी टेबलावर ठेवून दिली. त्या ओळींमागचं खरं काय ते पुरतं माहीत असलेली त्या सभेत दोनच माणसं होती. एक तो, दुसरा मी. दोघंही गप्प बसलो. त्याच्या गप्प बसण्याला कारण होतं. माझ्या गप्प बसण्याला फक्त भीती होती.

मी चोवीस वर्षं एका कारखान्यात प्रॉडक्शन सुपरवायझर होतो. कारखाना बंद झाला तेव्हा वय पन्नास. वर्षभर घरी बसलो आणि मग आमच्या भोरच्याच एका मुलीच्या कंपनीत लागलो. ती शर्वरी. वय सत्तावीस. वडील सरकारी कचेरीत क्लार्क होते. तिने पुण्यात इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं नोकरी केली, मग परत येऊन एसटी स्टँडजवळ एका स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ती, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या दोन मुली आणि मी. मला पद मिळालं ऑपरेशन्स हेड. म्हणजे गावात जायचं, पेट्या बसवायच्या आणि लोकांशी बोलायचं.

पेटी म्हणजे काय ते सांगतो. गावात पाण्याची एक टाकी असते. तिथून प्रत्येक आळीला वेगळा पाइप जातो आणि प्रत्येक पाइपवर एक व्हॉल्व्ह असतो. पाणी सोडणारा माणूस लोखंडी चावीने एकेक व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडतो आणि बंद करतो. आमची पेटी त्या पाइपवर बसते. कुठल्या आळीला, किती वाजता, किती पाणी गेलं हे ती मोबाईलच्या सिमवरून आमच्याकडे पाठवते. पेटीत एक मोटरही असते. ती चालू केली की व्हॉल्व्ह वेळापत्रकाप्रमाणे आपोआप फिरतो. लाईट गेली तर हाताने फिरवता यावा म्हणून वर एक चौकोनी टोक ठेवलेलं असतं.

शर्वरी एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. तिच्या खुर्चीवर तिची पिशवी बसायची. ती सकाळी उभ्यानेच सोल्डरिंग करायची. पेटीत पाणी शिरतं का हे बघायला ऑफिसच्या मोरीत बादल्यांमध्ये पेट्या बुडवलेल्या असायच्या. हात धुवायला गेलं की आधी पेट्या बाजूला सारायच्या. दुपारी आम्ही कापूरहोळ, नसरापूर करत वेल्ह्याच्या वाटेला लागायचो. पुण्यातल्या गुंतवणूकदारांबरोबरच्या मीटिंगा ती गाडीतच करायची. डोंगर आला की रेंज जायची. मग विंझरच्या अलीकडे एका वळणावर ती ओरडायची, "काका, थांबवा! हितं येते रेंज." मी गाडी थांबवायचो. ती उतरून रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालत इंग्रजीत बोलायची आणि परत गाडीत बसताना एकच वाक्य सांगायची. बहुतेक वेळा ते "बघू म्हणाले" असं असायचं.

विंझरच्या पुढे डोंगराच्या पोटात एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या पाच आळ्यांना आम्ही पाच पेट्या बसवल्या. ते आमचं पहिलं पूर्ण गाव. गावाने अट घातली होती की तीन महिने फक्त मोजायचं. मोटर नंतर.

तिथे पाणी सोडायचे ते सोपाननाना. काटक माणूस. पेट्या बसवताना ते दोन दिवस टाकीच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सायेब, येक लिवून घ्या."

"सांगा ना."

"गावात मयत झालं की त्या आळीला येळ बघायची न्हाई. माती देऊन माणसं येत्यात, समद्यांच्या आंघुळी आसत्यात. चूल बी शेजारची पेटती. मागायला कोण येत न्हाई. आपुन आपलं सोडायचं. दहाव्याला बी आन् तेराव्याला बी. ह्ये तुमच्या मिशनीला सांगा."

मी डायरीत लिहून घेतलं. डायरी अजून माझ्याकडे आहे. "मयत – १, १०, १३ – त्या आळीस पाणी." माझंच अक्षर.

आता रकाना. वेळापत्रकाबाहेर पाणी सोडलं तर नानांना मोबाईलवर कारण निवडावं लागायचं. शर्वरीने चार कारणं ठेवली होती: गळती, दुरुस्ती, लाईट गेली होती आणि चौथं "इतर". इतर निवडलं की पुढे चार शब्द लिहायला जागा. मी म्हणालो, इतर काढा.

"का काका?"

"कारखान्यात चोवीस वर्षं बघितलंय. सगळा आळशीपणा इतरमध्ये लपतो. तीनच कारणं ठेवा. त्यात बसत नाही ते अनधिकृत. रिपोर्ट कसा स्वच्छ दिसेल बघा."

खरं म्हणजे मला त्या तिघींना काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यांच्या बोलण्यातले निम्मे शब्द मला कळायचे नाहीत. ही एक गोष्ट माझी होती. शर्वरीने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "तुमचा अनुभव आहे काका. करू." डायरीतली ओळ मला त्या क्षणी आठवली होती. म्हटलं, नंतर सांगू. नंतर रिपोर्ट इतका स्वच्छ दिसायला लागला आणि त्याबद्दल माझं इतकं कौतुक झालं की सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मीच राहू दिलं.

मे महिन्यात ग्रामसभा झाली. टाकीत पाणी कमी आणि लोक आधीच तापलेले. शेजारच्या दोन गावांचे सरपंच मुद्दाम बघायला आले होते. त्यांना पसंत पडलं तर आमची कंपनी चालणार, नाहीतर पावसाळ्याच्या आत शर्वरीला दुकान गुंडाळावं लागणार, इतकं ते सरळ होतं. तिने देवळाच्या सभामंडपात भिंतीवर प्रोजेक्टर लावला. हिरव्या ओळी म्हणजे वेळेवर सोडलेलं पाणी. मधेच लाल. खाली मोठ्या अक्षरात: अनधिकृत – नऊ.

मागून एक जण ओरडला, "म्हंजी आमी हंडं घिऊन ताटकळायचं आन् पानी कुनाच्या गोठ्यात गेलं म्हनायचं?"

लोक हसले. गावच्या सरपंचबाईंनी नानांकडे पाहिलं. "नाना, ह्ये काय हाय?"

"सोडलं पानी. व्हय."

"आवो पर का?"

"सोडायचं हुतं म्हून सोडलं."

"ह्ये काय उत्तर झालं का?"

नाना उठले. खांद्यावरची लोखंडी चावी काढली आणि टेबलावर ठेवली. आवाज झाला. "उद्यापास्नं मिशनीलाच इचारा," म्हणाले आणि चपला घालून गेले. जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं.

मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होतो.

शेजारच्या दोन्ही सरपंचांनी आम्हाला त्यांच्या गावात यायला सांगितलं. परतताना शर्वरीने खूश व्हायला हवं होतं. ती नखं खात होती.

"काका, तो माणूस तुम्हाला लबाड वाटला?"

"आकडे समोर आहेत ना."

"आकडे मी बघितले. माणसाचं विचारतेय."

मी गिअर बदलला.

दुसऱ्या दिवशी मोटर चालू केली. त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. जेवायला बसलो की उठायचो. बायको म्हणाली बी.पी. तपासून घ्या. ऑफिसमध्ये नवीन गावांची तयारी चालली होती आणि मी शर्वरीच्या टेबलापर्यंत जाऊन, काहीतरी भलतंच विचारून परत यायचो. एकदा डायरी हातात घेऊन गेलो. ती फोनवर होती. वाट न बघता परत फिरलो.

मग एका सकाळी अकराच्या सुमाराला सरपंचबाईंचा फोन आला. शर्वरीने स्पीकरवर टाकला.

"आवो मॅडम, खालच्या आळीला पानी सोडा की! मयत झालंय. पै-पावनं आल्यात, आंघुळीला पानी न्हाई. तुमची मिशन म्हनती संध्याकाळी पाचाला."

"सोडते, लगेच सोडते ताई." ती लॅपटॉपवर वाकली. हुकूम इथून देता यायचा, पण कारण निवडल्याशिवाय पेटी तो घ्यायची नाही. पडद्यावर तीन कारणं आली. गळती. दुरुस्ती. लाईट गेली होती.

"काका, यातलं काय निवडू?"

मी खिशातल्या डायरीवर हात ठेवला.

तिने "दुरुस्ती" निवडलं. हुकूम गेला. रेंज नव्हती, पेटीपर्यंत पोचेना. पडद्यावर नुसता गोल फिरत राहिला. तिने पुन्हा पाठवला. पुन्हा गोल. ती उभी राहून टेबलावर बोटं आपटत होती. सॉफ्टवेअरच्या दोघी मागे येऊन उभ्या राहिल्या. सातआठ मिनिटं अशी गेली.

आणि एकदम रेंज आली. पेटीकडून पहिली बातमी आली ती अशी की खालच्या आळीचं पाणी सुरू झालेलं आहे. आमच्या हुकमाने नाही. कुणीतरी त्या चौकोनी टोकाला पान्हा लावून हाताने फिरवलं होतं. पडद्यावर नवी लाल ओळ उमटली. खालचा आकडा बदलला: अनधिकृत – दहा.

शर्वरी त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिने जुन्या नऊ ओळी उघडल्या. तारखांवर बोट ठेवत पुटपुटली, "ही आळी... नऊ दिवसांनी परत... मग तीन दिवसांनी. दुसरी आळी, तसंच. तिसरी, तसंच." थांबली. "दहावा. तेरावा. काका, तीन मयतं होती ही."

"हो."

"हो म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

मी डायरी काढून तिच्यासमोर ठेवली. पान उघडायला वेळ लागला नाही. त्या पानाची घडी पडली होती, इतक्या वेळा मी ते उघडलं होतं.

तिने वाचलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, किल्ली द्या. गाडी मी चालवते."

विंझरच्या वळणावर तिचा फोन वाजला. तिने बघितलं आणि कट केला. त्या वळणावर ती पहिल्यांदाच थांबली नाही.

नाना अंगणात पान्हा पुसत बसले होते. आम्हाला पाहून म्हणाले, "आला व्हय? ह्ये बी लिवून घेतलं आसंल मिशनीनं. घ्या, मान्य हाय."

शर्वरी खाली बसली. "नाना, त्या दिवशी सभेत सांगितलं का नाही?"

"काय सांगू पोरी? त्या तिन्ही घरची मानसं फुडं बसल्याली. त्यांच्या मयताचं नाव घिऊन म्या माझी अब्रू राखू?"

मी हात जोडले. "नाना, चुकलो. तुम्ही मला सांगितलं होतं. मी—"

"हितं कशाला?" त्यांनी मला मधेच तोडलं. "हितं ह्यी पोर हाय आन् माझी म्हस हाय. तवा गाव बसलं हुतं."

नानांनी पान्हा भिंतीला टेकवला. मग म्हणाले, "आन् येक ध्यानात ठिवा. तितं बोलायचं आसंल तर बोला. पर कुनाच्या घरचं, काय झाल्तं, त्ये तोंडातनं काढायचं न्हाई."

परतताना शर्वरी म्हणाली, "माफी तुम्ही मागायची. मी शेजारी उभी राहीन. बोलणार नाही."

त्या आठवड्यात तिने मोटर बंद केली आणि कारण विचारणारा अख्खा फॉर्मच काढून टाकला. आता पेटी फक्त वेळ आणि पाणी मोजते. का सोडलं हे विचारत नाही. शेजारच्या दोन्ही सरपंचांना तिने स्वतः फोन करून सांगितलं की आमचा रिपोर्ट चुकीचा होता. एकाने "मग राहू द्या" म्हटलं. दुसरा अजून बघू म्हणतोय. मला तिने काढलं नाही. मात्र नवीन फॉर्म आता माझ्याकडे येत नाहीत, आणि ते बरोबर आहे. मी शिकलो ते एवढंच: रकाना काढण्याआधी, ज्याला तो भरायचाय त्याला विचारावं. आणि त्याने आधीच सांगून ठेवलं असेल, तर आपण लिहून घेतलेलं उघडून वाचावं.

सरपंचबाईंनी पंधरा दिवसांनी सभा बोलावली. तोच सभामंडप. प्रोजेक्टर नव्हता. चावी टेबलावर होती. नाना मागे खांबाला टेकून बसले होते, यायचं नाही म्हणत म्हणत आले होते. मी कागदावर बरंच काही लिहून नेलं होतं. त्यातलं निम्मं कारणं सांगणारं होतं आणि कारणं सांगायला नानांनी मला मनाई केली होती. कागद खिशात ठेवला. मी म्हणालो,

"मागच्या सभेत भिंतीवर नऊ लाल ओळी दाखवल्या. त्या माझ्यामुळे लाल झाल्या. सोपाननानांनी नऊ वेळा पाणी सोडलं, ते नऊही वेळा बरोबर सोडलं. का सोडलं ते त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. मी लिहून घेतलं होतं. सभेत मला बोलता आलं असतं, मी बोललो नाही. का सोडलं ते आजही सांगणार नाही, पण ज्यांच्या आळीला ते पाणी आलं त्यांना माहीत आहे."

पुढच्या रांगेत एक म्हातारी पदर तोंडाला लावून बसली होती. तिने मागे वळून नानांकडे पाहिलं. तिच्या शेजारच्याने पाहिलं. मग आणखी काही जणांनी. माना एकेक करून वळत गेल्या.

मी टेबलावरची चावी उचलली. वाटलं त्यापेक्षा जड होती. माणसांमधून वाट काढत खांबापाशी गेलो आणि दोन्ही हातांनी ती पुढे केली.

"नाना, माझं चुकलं. गावासमोर सांगतो. मला माफ करा."