सुभेदारांना पालथे कोणी केले

"सांगलीच्या तज्ज्ञांनी मोबाइलवरून सुभेदारांना पालथे झोपायला लावले, म्हणून ते वाचले. गावच्या डॉक्टरांनी फक्त मोबाइल धरला."

साथ ओसरून इतकी वर्षे झाली, तरी शिराळ्याकडच्या प्रत्येक लग्नात ही कथा मला जिलबीसारखी आग्रहाने वाढली जाते. मी ती ताटात घेत नाही.

मुळात मोबाइल मी धरलाच नव्हता. तो सलाईनच्या स्टँडला चिकटपट्टीने बांधलेला होता. साथीच्या दिवसांत आम्हा खेड्यांतल्या डॉक्टरांना सांगलीचे तज्ज्ञ रोज दुपारी पडद्यावर भेटत आणि अवघड रुग्णांविषयी सल्ला देत. त्या तरुण गृहस्थांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे. सुभेदारांची औषधे त्यांच्याच सल्ल्याने बदलली, हे मी कधीही नाकारलेले नाही. वाद पालथेपणाचा आहे.

सुभेदार म्हणजे आमच्या गावचे निवृत्त फौजी. त्या सकाळी ते माझ्या दवाखान्यातल्या खाटेवर धापा टाकत होते. ऑक्सिजन लावलेला होता, तरी बोटावरच्या यंत्रातला आकडा उतरतच होता. मोठ्या इस्पितळात जागा नव्हती आणि सांगलीचे तज्ज्ञ दुपारशिवाय भेटणार नव्हते. पालथे झोपल्याने अशा रुग्णाचा श्वास सुधारतो, हे मला ठाऊक होते. वर्तमानपत्रे मीही वाचतो. सुभेदारांना मात्र ते पटेना.

"डॉक्टर, पालथं पोरं झोपत्यात. मी न्हाई."

"आवं, ऐका की त्यांचं!" दारातून त्यांच्या पत्नी कळवळून म्हणाल्या.

"त्यांचं काय ऐकायचं? त्यांनी कवा बॉर्डर बघितलीया?"

हे बोलताना त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. मी विनवण्या थांबवल्या, कोपऱ्यातली माझी काठी त्यांच्या हाती दिली आणि छाती काढून गरजलो, "जवान! लेटकर पोझिशन!"

सुभेदार तत्क्षणी पालथे झाले. कोपरे गादीत रोवली गेली आणि काठीचा नेम थेट दारावर लागला. पत्नीने पेजेच्या डब्यासकट दोन्ही हात वर केले.

"मान खाली! दुश्मन जवळ आहे. हलायचं नाही."

"कवापतूर, साहेब?"

"हुकूम मिळेपर्यंत."

साहेब! तोवर मी नुसता डॉक्टर होतो. त्यांनी गाल गादीला टेकवला आणि काही वेळाने यंत्रातला आकडा चढू लागला.

अलीकडे सुभेदार सांगतात, "झोपंत मीच वळलो असंल." गावातल्या डॉक्टरच्या हुकमावर आपण पालथे झालो, हे फौजी माणसाला कबूल करवत नाही. त्यांचे मी समजू शकतो. सांगलीच्या कथेचे मात्र नाही. दुपारी पडद्यावर चित्र उमटले तेव्हा त्या तज्ज्ञांचे पहिले वाक्य, नमस्काराच्याही आधीचे, हे होते:

"डॉक्टरसाहेब, मला नुसत्या टाचा दिसताहेत. रुग्णाचं तोंड कुठे आहे?"