पंचफुलाबाईंची सब्बल

पुस्तक देण्याआधी पंचफुलाबाई मुलीला बाह्या वर करायला लावायच्या. "पह्यले हात दाखव, मंग पुस्तक." सावली तालुक्यातल्या आमच्या गावात, विहाराला लागून असलेल्या खोलीत एका कंपनीने मुलींसाठी वाचनालय उघडलं होतं आणि ते सांभाळायला बाईंना ठेवलं होतं. भिंतीवर कंपनीची सूचना होती, पुस्तकं हाताळण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत. त्या सूचनेचा बाईंनी आपल्या सोयीने अर्थ लावला होता. मातीचे हात त्यांना चालायचे. वळ उठलेले हात चालायचे नाहीत.

वळ दिसला की संध्याकाळी बाई त्या घराच्या अंगणात हजर. एकदा माझी मैत्रीण सुनंदा हिच्या दंडावर काठीचे तीन वळ दिसले. बाई निघाल्या तशी मीही मागोमाग गेले. सुनंदाचा बाप बैलांना तणस टाकत होता.

"का गा, पोट्टीले काऊन मारलास?"

"माही पोट्टी हाय. तुले काय करा लागते?"

"मंग मले मार. मी बी कोनाची तरी पोट्टीच हाय."

त्याने खरंच मारलं. कानशिलातच ठेवून दिली. बाईंनी पायातली चप्पल काढली आणि तिचा पट्टा तुटेपर्यंत त्याला हाणलं. मग एक पाय अनवाणी तशा घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी ती तुटकी चप्पल घेऊन सुनंदा वाचनालयात आली, तर बाई म्हणाल्या, "इथी ठेव, अन् बाह्या वर कर."

अर्धं गाव त्यांना वेडी म्हणायचं. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. नवऱ्याने त्या कानावर सरपणाचं लाकूड घातलं होतं. आम्ही डाव्या बाजूने बोललो की त्या मान वळवून म्हणायच्या, "इकडून बोल वो. तो कान मी सासरीच ठेवून आली."

मी बारावी पास झाले तेव्हा कंपनीच्या यादीत माझं नाव लागलं. ब्रह्मपुरीच्या कॉलेजची फी आणि वसतिगृह, दोन्ही कंपनी भरणार होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अट एवढीच, फॉर्मवर पालकाची सही हवी. वडील नव्हते, त्यामुळे घरात चालायचं ते मोठ्या भावाचं, मधुकरचं. त्याने सिरोंचाकडचं स्थळ पक्कं केलं होतं. बाईंनी माझ्या आईला आठ दिवस वाचनालयात बसवून स्वतःचं नाव लिहायला शिकवलं, आणि आईने फॉर्मवर सही केली.

कंपनीच्या मॅडम गावात आल्या त्या दिवशी धानाचं रोवणं जोरात होतं. नव्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या जीपमधून उतरल्या होत्या. बाई लोखंडी सब्बल घालून एका पेटीचं झाकण उचकटत होत्या, मॅडम मोबाईलवर त्याचं चित्रण करत होत्या आणि मी पुस्तकं लावत होते. सहीचं त्याच सकाळी मधुकरला कळलं होतं. आधी त्याने धानाच्या बांधीतच आईला मारलं, चिखलात पाडून मारलं, आणि तसाच चिखलाच्या पायांनी वाचनालयात शिरला. माझी वेणी हाताला गुंडाळली. "सही कराले लावते मायले? चाल घरी!" मी दाराची चौकट धरली. त्याने माझं तोंड त्याच चौकटीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. दात ओठात रुतला. तोंडात रक्ताची चव आली, आणि तेवढ्यात बाईंची सब्बल फिरली.

त्याचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेली फांदी मोडावी तसा. वेणी सुटली. तो खाली बसला आणि लहान पोरासारखा ओरडायला लागला.

मधुकर पोलिसांत गेला नाही. बाईमाणसाने हाडं मोडली हे सांगायची त्याला लाज वाटली. बांधावरून पडलो, असं त्याने दवाखान्यात सांगितलं. पण मॅडमनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या केंद्रात मारामारी चालणार नाही, म्हणाल्या. एकतर ही बाई जाईल, नाहीतर वाचनालय आणि यादी दोन्ही बंद होतील. माझ्या ओठातून तेव्हा रक्त गळत होतं. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

बाईंनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मी चालली. पन या पोट्टीचं नाव खोडाचं नाई. कागदावर लिहून द्या."

"आमचा शब्द आहे, बाई."

"शब्द मले डाव्या कानानं आयकू येते. लिहा."

मॅडमनी लिहून दिलं. कंपनीने माझी तीन वर्षांची फी भरली, हे मी कुठेही मान्य करते. मी बी.ए. झाले. कंपनीच्या सत्कारात मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी बाईंचंच सांगितलं. जिवाला धोका होऊ नये म्हणून त्यांनी मोजून मनगटावरच मारलं, असंही सांगितलं. टाळ्या पडल्या.

मार्कशीट घेऊन गावी गेले. बाई दुसऱ्याच्या बांधीत मजुरीने निंदण करत होत्या. चिखलाचे हात लुगड्याला पुसून त्यांनी पेढा घेतला. मोठ्या हौसेने मी त्यांना माझं भाषण ऐकवलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी पेढा तसाच हातात ठेवला.

"मनगट नाई वो. मी त्याच्या डोस्क्यावर मारली होती. त्यानं हात मधात घातला."

मी हातातला पेढ्यांचा डबा बांधावर ठेवला.

"तो मेला असता त मी जेलात असती, अन् तू त्या सिरोंचाले असती. हे सांगत जा. नाई त पोट्ट्या म्हनतीन, बाई लय शांत होती. मी शांत नोयती. माह्या डोस्क्यात राग होता, लय वर्साचा. बिचाऱ्या मधूवर निंगाला."

"बिचारा?" मी म्हणाले.

"बिचारा नाई," त्या म्हणाल्या. "पन मरासारखा बी नोयता."

गेल्या पावसाळ्यात बाई तापाने गेल्या. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. कंपनीकडून हार आला, माणूस आला नाही. चार जण बाईंच्या मायेबद्दल बोलले. मग मी उभी राहिले. मधुकर पुढेच सतरंजीवर बसला होता. त्याच्याकडे बघत मी सांगितलं, की बाईंनी नेम डोक्यावरच धरला होता.