पाण्याखालचा बांध

आमच्या बंदराला समुद्र नव्हता. जायकवाडी धरणाच्या काठी मासे उतरवायची जागा होती, तिलाच आम्ही ऐटीत बंदर म्हणायचो. उन्हाळ्यात पाणी मागं सरकायचं, तसं बंदरही त्याच्यामागं निघायचं. दर आठ-दहा दिवसांनी मासे तोलायचा काटा, बर्फाची पोती, चहावाल्याची चूल आणि चार बांबूंचं छप्पर, सगळं उचलून पुढं न्यायचं. सकाळी होड्या लागल्या की मी रोहू एकीकडं, कटला एकीकडं करत बसायची. औरंगाबादचा टेम्पो गेला की चहा आणि चेष्टामस्करी. कॉलेजला सुट्टी असायची आणि अंगाला माशांचा वास. मला दोन्ही आवडायचं.

चेष्टेचा विषय बहुधा माझे वडील असत. ते मूळचे शेतकरी. आमचं वावर धरणात गेलं तेव्हा ते मासेमारी शिकले, पण जाळं टाकायचे फक्त आपल्याच वावरावर. टेकडीवरचा लिंब आणि पलीकडच्या देवळाचा कळस एका रेषेत आला की खाली आमची विहीर, आणि तिथून बांधापर्यंत आपलं. दुसऱ्याच्या वावरात शिरायचं नाही म्हणजे नाही. त्यांना जाळं टाकायला शिकवणारे म्हातारे भोई कपाळावर हात मारून म्हणायचे, "अहो, पाण्याला कुठला आलाय सातबारा?"

बांधापलीकडचं वावर ज्यांचं, ते शेजारीही याच बंदरावर होडी लावायचे. वडील बांध कोरतात, असा त्यांचा जुना आरोप होता आणि त्यापायी दोघांचं बोलणं बंद होतं. पुढं बांध बुडाला, भांडण मात्र कोरडंच राहिलं.

अशातच ताईला बघायला वैजापूरहून पाहुणे येणार, असं ठरलं. मुलाचे वडील मध्यस्थाला म्हणाले होते, ज्यांचं वावरच पाण्यात गेलं त्यांच्या घरात असणार काय? वडिलांना ते फार लागलं. माझ्या जाळ्यातल्या माशाचंच जेवण घालीन, असा त्यांनी निरोप धाडला. आणि नेमकं आमच्या वावरावर गुडघाभर पाणी उरलेलं. दोन दिवस जाळ्यात बोटभर मासळीपलीकडं काही आलं नाही. मोठे मासे सगळे खोलात, म्हणजे शेजाऱ्यांच्या सखल वावरात.

"विकत घ्या की एखादा," आई म्हणाली.

"मासे धरणाऱ्याच्या घरात विकतचा मासा?"

"मग रस्सा कशाचा करू? बांधाचा?"

वडील उठले आणि बंदराकडं निघाले. मीही मागोमाग गेले. ऊन उतरलं होतं. शेजारी होडीच्या सावलीत फाटकं जाळं सांधत बसले होते. वडील त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"उद्या लेकीला बघायला येणार हायेत. तुमच्या वावरात जाळं टाकू का?"

चहावाल्याची गाळणी हातातच राहिली. शेजाऱ्यांनी हातातली गाठ पुरी केली, दातांनी दोरा तोडला.

"टाका की," ते म्हणाले. "बांध तेवढा कोरू नका."

आधी म्हातारे भोई हसले, मग वडील. इतके हसले की मटकन खालीच बसले. शेजारी उठून होडी ढकलायला लागले. "चला, मी येतो. खोल कुठं हाय ते तुम्हाला घावायचं नाय."

संध्याकाळी टाकलेलं जाळं सकाळी दोघांनी मिळून ओढलं. त्यात चांगला हातभर लांब कटला होता.

दुपारी पाहुण्यांच्या पंगतीत वडिलांनी शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून बसवलं. मुलाच्या वडिलांनी दोनदा रस्सा मागून घेतला आणि विचारलं, "मासा लई चवदार हाय. कुठं घावला?"

"खोटं कशाला सांगू?" वडील म्हणाले. "जाळं माझं, पण वावर ह्यांचं."

शेजाऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "नाय, नाय. बांधावरच घावला. निम्मा त्यांच्या वावरातला हाय."

वाढायला वाकलेले वडील तसेच थांबले. मग पातेलं माझ्या हातात देऊन पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले. ताईचं लग्न त्याच पंगतीत ठरलं. ते सांगायला मी आत गेले, तर ते भिंतीकडं तोंड करून उभे होते, आणि पाण्याचा तांब्या भरलेलाच होता.