एका गाडीला एकच पोशाख

च्वेलेच्या बाजारात नासांबूच्या टपरीकडे गर्दी येताना दिसली, तेव्हा तिला आधी वाटलं, कुणीतरी कोंबडी चोरली असेल. मग गर्दीच्या मधोमध ढकलत आणलेली मोटरसायकल दिसली. आंब्याच्या रंगाची गादी, पांढरे गोंडे. मागे दोघांनी दंडाला धरलेला खाएम्बा होता. त्याच्या एका पायात जोडा नव्हता. पुढच्या माणसाच्या हातात पाण्याची बाटली होती, पण तिच्यात पेट्रोल होतं; वास टपरीपर्यंत आला. नासांबूने शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं.

ती मोटरसायकलींचे कपडे शिवायची. गादीचं कव्हर, टाकीचं कव्हर, हँडलचे गोंडे, मागच्या चाकाशी लोंबणाऱ्या रबरावरची अक्षरं, सगळं तिच्या हातचं. अख्ख्या बाजाराची ती माई. पन्नाशीची, अंगाने भरलेली, आणि जिभेला हाड नाही. बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, चालवणारी पोरं तिच्या शिव्या खायला आनंदाने यायची.

कारण गाड्या सगळ्या सारख्या. हिंदुस्थानातून खोक्यांत भरून यायच्या, एकाच तोंडवळ्याच्या, लाल नाहीतर निळ्या. त्या गाड्यांवर पोरं दिवसभर रांगेत बसून गिऱ्हाइकाची वाट बघायची. बाप रांगेत, भाऊ रांगेत, आपणही रांगेत. निदान गाडी तरी वेगळी दिसावी असं ज्याला त्याला वाटायचं. एकाला झेब्र्याचे पट्टे हवे, एकाला रबरावर ‘सासूबाई, चहा टाका’ असं लिहून हवं. वर तोंडाने म्हणायची, “गिऱ्हाइकाला मऊ बसायला पाहिजे ना, माई.”

“गिऱ्हाइकाच्या बुडाला गोंडे लागतात होय रे?” माई विचारायची, आणि गोंडे शिवून द्यायची.

तिचा नियम एकच होता. एका गाडीला एकच पोशाख. सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर ती माप कापायची आणि काम झालं की तो कागद गाडीवाल्याच्या हातात द्यायची. त्याने तो सगळ्या स्टँडदेखत फाडायचा. मग टाळ्या, चहा, तळलेल्या गरम मांदाझी. त्या दिवसापासून तसा पोशाख दुसऱ्या कुणाच्या गाडीवर दिसायचा नाही. खाएम्बाने आंब्याचा रंग मागितला तो आईसाठी. म्हातारीला माणसांचे चेहरे दिसत नव्हते, पण तेवढा रंग फाटकातून कळायचा. तो लांबून दिसला की ती मक्याच्या पिठाच्या उगालीसाठी पाणी चुलीवर ठेवायची.

“काय केलंन त्याने?” गर्दी टपरीपुढे थांबताच नासांबूने विचारलं.

उत्तर स्टँडच्या चेअरमनने दिलं. सिताती त्याचं नाव, माणूस भला, पण त्या गर्दीपुढे त्याचाही आवाज बसला होता. “किमिलिलीच्या रस्त्यावर शाळेतल्या पोरीला उडवलं, माई. पाय मोडला तिचा. गाडी थांबली नाही. लोकांनी मागून पाहिली. आंब्याची गादी, पांढरे गोंडे.”

“मी त्या रस्त्याला गेलोच नाही!” खाएम्बा ओरडला. “कोबीची पोती घेऊन आलो मी, खालच्या वाटेने. त्या कोबीवालीला विचारा!”

“कोबीवाली तुझं गिऱ्हाईक. ती काय बोलणार ते ठाऊक आहे आम्हाला.” हा बाटलीवाला, त्या पोरीचा काका. रडून रडून त्याचे डोळे लाल झाले होते. तो नासांबूकडे वळला. “माई, तू सांग. तू एकासारखा दुसरा शिवत नाहीस, हे शेंबडं पोरही जाणतं. एकदा तोंडाने म्हण, असा पोशाख दुसरा नाही. मग आम्ही आणि हा.”

पण नासांबूला ठाऊक होतं, दुसरा होता.

मासिका, तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. मक्याच्या कापणीनंतर त्याने नवी गाडी घेतली आणि येऊन तिच्या पायाशी बसला. “माई, खाएम्बा गेला की रस्त्यावरची पोरं हात करतात. मी गेलो तर कुत्रंसुद्धा मान वर करत नाही. मला तस्साच शिव. मी तिकडे एल्गॉन डोंगराकडे चालवीन, खाली येणारच नाही.” दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर तिने त्याला कात्री घेऊन हाकललं असतं. पण आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं. दार लावून तिने तो शिवला होता.

आता नुसतं ‘नाही’ म्हटलं की तिचा शब्द राहणार होता, बहिणीचं घर राहणार होतं, आणि खाएम्बा जळणार होता. एकदा चौकात जळालेली गाडी तिने पाहिली होती. गाडीशेजारी जाळलेल्या माणसाकडे तिने पाहिलं नव्हतं. मान फिरवली होती. ती मान फिरवल्याची लाज तिला अजून सोडत नव्हती.

“दुसरा आहे,” ती म्हणाली. “मीच शिवलाय.”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एकच गलका झाला. “पांघरूण घालतेय! त्याने कागद फाडला तेव्हा आम्ही सगळे इथे होतो की!” मागून कुणीतरी जुना टायर गडगडत पुढे आणला. तो खाएम्बाच्या गळ्यात घालून पेटवायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“कागद फाडला,” नासांबू ओरडली, “माझे हात फाडले का? उभे राहा आणि बघा. आणि तू, ती बाटली माझ्या कापडांपासून लांब धर.”

तिने फळीवरून आंबेरंगी कापडाचा तागा ओढला. माप नाही, कागद नाही, खडूसुद्धा नाही. कात्री घातली आणि कापत गेली. तिला भीती वाटत होती, आणि ती सगळी भीती पायात उतरली होती.  हात मात्र वाट चुकत नव्हते. अर्ध्यावर सुई मोडली. “नाटक करतेय!” कुणीतरी म्हणालं आणि टायर आणखी पुढे सरकला. तिने नवी सुई घातली. दोरा ओवताना पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला. खाएम्बा काहीतरी पुटपुटत होता. प्रार्थना असावी किंवा आईचं नाव. शेवटी गोंडे टाचून तिने तो पोशाख उचलला आणि खाएम्बाच्या गादीवर, जुन्या पोशाखावर टाकला. शिवणीवर शिवण बसली, गोंड्यावर गोंडा.

पुढचे लोक वाकून शिवणी ताडून बघायला लागले. झेब्र्याच्या पट्ट्यांचा एक गाडीवाला म्हणाला, “आणि माझे किती शिवलेस, माई?”

“तुझा एकच आहे, बाळा.”

“असेल,” तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

“दुसरा कुणाचा?” काकाने विचारलं. त्याचा आवाज आता खाली आला होता.

“आधी बाटली सांड. चेअरमन, तू स्वतः जायचंस, सरकारी चीफला बरोबर घेऊन. कुणी त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. सगळ्यांदेखत कबूल कर, मग नाव सांगते.”

सिताती पुढे झाला. त्याने काकाच्या हातातून बाटली अलगद काढून घेतली आणि मातीत उपडी केली. “कबूल,” तो म्हणाला.

“मासिका. माझ्या बहिणीचा.”

मासिका घरीच सापडला. पोशाख त्याने मक्याच्या कणसांखाली पुरला होता. चीफला बघताच तो रडायला लागला आणि सगळं बोलून मोकळा झाला. त्याच्या आईने नासांबूला फोन केला. “आजपासून मला बहीण नाही,” एवढंच म्हणून ठेवून दिला. नासांबू खांद्यावरच्या कापडाला तोंड पुसत रडली. तिने कुणापासून लपवलं नाही.

खाएम्बा तोवर टपरीपुढच्या बाकावरच बसून होता. कुणीतरी त्याचा जोडा आणून दिला होता. तो त्याने घातला नव्हता. मग तो उठला, गादीखालचे हूक एकेक करून काढले आणि दोन्ही पोशाख घडी घालून तिच्या मशीनवर ठेवले. खालची गादी काळी निघाली, कारखान्यातून आली तशी.

“मी नवा शिवते,” नासांबू म्हणाली. “रंग सांग. मागशील तो.”

“नको, माई. ह्याच्यामुळे आज मी मेलो असतो. आता मला चारचौघांसारखं दिसू दे.”

“आणि आईला कसं कळेल, तू आलास ते?”

 “हॉर्न वाजवीन,” तो म्हणाला.

हॉर्न सगळ्यांचे सारखेच असतात, हे तिच्या ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं.

बाजार मोडला, तशा गाड्या एकामागून एक उताराला लागल्या. नासांबू टपरीबाहेर येऊन उभी राहिली. आजवर ती कुठलीही गाडी लांबूनच सांगायची, ही कुणाची. तिच्या डोळ्यांना अजून चष्माही लागला नव्हता. तरी त्यातली खाएम्बाची कुठली, ते तिला ओळखता आलं नाही.